भिंगकाकांचं लंगडणं

भिंगकाकांना कुणी "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेत आणि मग उत्तर देत. यानं का विचारलं असावं, आजच का विचारलं, मागच्या वेळी भेटला तेव्हा का नाही विचारलं, एवढं सगळं डोक्यातून फिरून यायचं आणि मग कुठे "बरं आहे" बाहेर पडायचं. तोवर विचारणारा कोपऱ्यापर्यंत पोचलेला असे.

यात सगळाच दोष त्यांचा होता असंही नाही. संशय घेणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. ज्या कंपनीत ते नोकरीला होते ती कामगारांचा विमा उतरवायची. काम करकरून ज्याचं अंग कामातून गेलं, म्हणजे मान धरली, खांदा आखडला, मनगट सुजलं, कंबर गेली, त्यानं अर्ज करायचा आणि कंपनीनं त्याला भरपाई द्यायची, असा करार. आता मोडलेला हात दिसतो, कापलेलं बोट दिसतं, पण गेलेली कंबर दिसत नाही. डॉक्टर चिठ्ठी देतात, पण तेही बरंचसं माणूस सांगेल त्यावरच देतात. म्हणून मग खरं-खोटं बघायला कंपनी भिंगकाकांना पाठवायची. एका जुन्या, बुटक्या गाडीत बसून ते अर्जदाराच्या घरासमोर ठाण मांडायचे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीला एक बारीक भोक, भोकाच्या आत कॅमेरा. ज्याची कंबर गेली आहे तो सिलेंडर उचलून आत नेतो का, ज्याचा खांदा आखडला आहे तो पंख्यावरची जळमटं काढतो का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. 'भिंग' हे नाव ऑफिसातल्या पोरांनी ठेवलं होतं आणि काकांना ते ठाऊक होतं. नाव आवडलंही होतं, पण ते कुणी ठेवलं याचा तपास त्यांनी केल्यावाचून सोडला नव्हता.

वर्षानुवर्षं हेच बघून त्यांना धंद्याधंद्याची दुखणी पाठ झाली होती. बेकरीत पीठ मळणारा दार कोपरानं ढकलतो, कारण मनगट त्याला साथ देत नाही. शिंप्याला हाक मारली तर तो नुसती मान वळवत नाही, सगळाच वळतो. बसचा ड्रायव्हर खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकतो. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर वस्तू सरकवणारी मुलगी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरते. हे सगळे आपलं दुखणं झाकायला बघतात. "खरं दुखणं माणूस झाकतो आणि खोटं मिरवतो," असं काका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि वर हेही सांगायचे की दुनियेत मिरवणारेच जास्त. या शेवटच्या वाक्याला पुरावा काय, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

घरी बायको होती. ती पडदे शिवायची. मशीनवर वाकून वाकून तिची मान कायमची धरलेली असे, आणि त्यावर ती गरम पाण्याची पिशवी ठेवून पुन्हा मशीनला बसे. काकांनी कधीतरी असा शोध लावला होता की त्यांची बहीण राहायला येणार असली की हिची मान जरा जास्तच दुखते. त्यांनी तो बोलूनही दाखवला होता.

"दुखणारच," बायको म्हणाली होती. "तुमच्या ताई आल्या की मला रोज मान डोलवावी लागते."

ती भोळी होती असं कुणी समजू नये. तिला संशय घेणं जमायचं नाही, एवढंच. माणूस दुखतंय म्हणाला की दुखतंय, असा तिचा सरळ हिशेब होता, आणि त्या घरात तो तिच्या एकटीचाच होता.

तर अशा या भिंगकाकांच्या कमरेत एक दिवस कळ आली. पहिल्यांदा त्यांचा संशय गादीवर गेला. मग बायकोनं गादी उलटी घातली असेल यावर गेला. मग ऑफिसातली खुर्ची कुणी बदलली का, इकडे गेला. कळ मात्र कुणाचीही चौकशी न करता कमरेतून उजव्या कुल्ल्यात, तिथून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट टाचेपर्यंत जाऊ लागली. गाडीत बसलं की तासाभरात पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बधिर व्हायचा आणि उतरताना तोच पाय आपला असल्याची खात्री पटायची. काका कुणाला काही बोलले नाहीत. दुखतंय म्हणणाऱ्यांकडे ते स्वतः ज्या नजरेनं बघत, ती नजर आपल्यावर पडलेली त्यांना नको होती.

त्या सुमारास त्यांच्याकडे एका फरशीवाल्याची केस होती. गुडघ्यांवर बसून बसून फरश्या बसवण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं, आणि आता गुडघे वाकत नाहीत असा त्याचा अर्ज. काका सकाळपासून त्याच्या गल्लीत गाडी लावून बसले होते. दुपार झाली, फरशीवाला घराबाहेर यायचं नाव घेईना. जरा पाय मोकळे करावेत म्हणून काकांनी गाडीचं दार उघडलं, आणि उतरताच येईना. एक पाय आत, अंग अर्धं बाहेर, आणि कमरेत अशी चमक भरली की तोंडातून आवाजही फुटेना. अशा अवस्थेत ते असताना फरशीवाला कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आला.

"काय झालं हो, भाऊ?"

"काही नाही."

"काही नाही कसं? घामानं निथळताय की."

त्यानं बादली खाली ठेवली. गाडीपाशी आला, उकिडवा बसला, काकांचे दोन्ही पाय हातांनी धरून एकेक करून बाहेर काढले, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्यांना उभं केलं. घरातून खुर्ची आणवली, चहा आणवला. काका चहा प्यायले, पण त्यांच्या मनात दोन विचार एकदम चालू होते. एक म्हणजे, आपण कोण हे याला कळलं की काय, आणि म्हणून तर हा चहा नाही ना? आणि दुसरा विचार म्हणजे, वाकले की याचे गुडघे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात सांगितलं की अर्जदार विनासायास उकिडवा बसतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. फरशीवाल्याचा अर्ज फेटाळला गेला. काका वाईट वाटून घेणाऱ्यांतले नव्हते, आणि त्यांना वाईट वाटलंही नाही. उलट घरी आल्यावर त्यांनी ती हकिकत बायकोला रंगवून सांगितली, स्वतःच्या कमरेची गोष्ट तेवढी थोडी आवरती घेऊन.

बायकोनं मशीन थांबवलं. "तो उठला कसा?"

"कोण?"

"तो फरशीवाला. बसला ते पाहिलंत. उठला कसा?"

काकांना आठवेना. तो उठत होता तेव्हा ते गाडीच्या टपाला धरून श्वास घेत होते.

"आणि दुसऱ्या दिवशी कसा होता?"

"दुसऱ्या दिवशी मी कशाला जाऊ? काम झालं होतं ना."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ही त्याची बाजू का घेते आहे, असं काकांच्या मनात येऊन गेलं. माणूस सुधारायचा असता तर त्याच दिवशी सुधारला असता, पण तसं काही झालं नाही.

कंबर मात्र वाट बघायला तयार नव्हती. शेवटी बायकोनंच त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढायला लावले आणि मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली आहे असं सांगितलं.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसतो," काका म्हणाले.

"दिवसभर?"

"दिवसभर. गाडीत."

"ते बंद करा. चालायला हरकत नाही, उभं राहायला हरकत नाही, थोडं थोडं बसायलाही हरकत नाही. पण असंच तासन्‌तास वाकून बसत राहिलात, तर पाय जाईल. मग मला नंतर काही करता येणार नाही."

ऑफिसात जुन्या फायलींची खोली होती. फायली काढायच्या, द्यायच्या, परत लावायच्या, म्हणजे दिवसभर उठबस आणि चालणं. ते काम मिळालं तर पाय वाचणार होता आणि नोकरीही. न मिळालं तर पुन्हा गाडी, नाहीतर राजीनामा, आणि एकट्या पडद्यांवर घर चालण्यासारखं नव्हतं. भिंगकाकांनी अर्ज केला. माझी कंबर कामापायी गेली आहे, मला काम बदलून मिळावं. आयुष्यभर दुसऱ्यांचे असे अर्ज ज्यांनी उलटेपालटे करून बघितले, त्यांनी स्वतःचा तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला.

साहेब काकांपेक्षा वयानं खूपच लहान. अर्ज वाचून तो गोड हसला. "काका, तुमचं काम होणारच. फक्त तुम्हाला माहीतच आहे, रीत सगळ्यांना सारखी."

काकांना माहीत होतंच. म्हणजे आपल्यावर नजर ठेवायला माणूस बसणार. आता पाहणीचं काम करणारं त्यांच्याशिवाय ऑफिसात एकच माणूस होतं, आणि ती होती तिकीटबाई. ही बाई आधी बसमध्ये कंडक्टर होती. हलत्या गाडीत उभं राहून राहून टाचा आणि गुडघे धरले, तेव्हा ती नोकरी सोडून इकडे आली. काकांनीच तिला तयार केलं होतं, गाडी कुठे लावायची इथपासून ते डबा कधी खायचा इथपर्यंत. ती कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाविषयी काकांच्या मनात पहिल्यापासूनच पाल चुकचुकत असे. हिला आपली जागा हवी आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि मग त्यांच्या डोक्यात जे चक्र सुरू झालं ते थांबेना. दुखणं खरं होतं, यात त्यांना शंका नव्हती. पण ते दुखणं मोठं विचित्र होतं. सकाळी अंथरुणातून उठताना जीव जायचा. बायकोला पाठीमागे हात द्यावा लागायचा, आणि पायात मोजे तीच घालायची. दहा पावलं टाकली की कळ जरा ढिली व्हायची, आणि बाजारापर्यंत चालत गेलं तर चक्क बरं वाटायचं. परत येऊन खुर्चीत बसलं की पुन्हा तेच. म्हणजे जे खरे हाल होते ते चार भिंतींच्या आत, पडद्याआड, आणि रस्त्यावर दिसणार होता तो ताठ चालत जाणारा, हातात पिशवी घेतलेला माणूस. अशा किती माणसांची चित्रं त्यांनी स्वतः साहेबांपुढे ठेवली होती! बघा, म्हणे कंबर गेली, आणि चालतोय कसा ते बघा.

काकांनी ठरवलं की आपण लंगडायचं.

हे खोटं आहे असं त्यांना वाटलंच नाही. दुखतंय ते खरंच आहे, फक्त ते बघणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी आणून ठेवायचं, एवढंच. त्यांनी एक काठी आणली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची असते, हे ढोंगी लोकांना माहीत नसतं आणि तिथेच ते सापडतात. काकांनी ती डाव्या हातात धरली. उजवा पाय किती टेकवायचा, खांदा किती झुकवायचा, पायऱ्या चढताना कुठला पाय आधी, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या गावात त्यांच्याइतकं चांगलं लंगडणारा दुसरा माणूस सापडला नसता.

रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ते असे बाहेर पडू लागले. आणि बाहेर पडलं की संशयाला चरायला मोकळं रानच मिळे. कोपऱ्यावर नवी फळांची गाडी का लागली? विजेच्या खांबावर चढलेला माणूस इतका वेळ करतो काय? समोरच्या बाकावर एक टोपीवाला रोज दुपारी येऊन पाय पसरून बसायचा आणि ते काही केल्या काकांच्या नजरेतून सुटेना. शेवटी एकदा ते काठी टेकत टेकत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कोणी पाठवलंय तुम्हाला?"

टोपीवाल्यानं डोळे उघडले. "कुठे?"

"इथे. रोज बसता ते."

"बायकोनं," तो म्हणाला. "माझं केस कापायचं दुकान आहे पलीकडे. दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगल्यात. ती म्हणते दुपारी घटकाभर पाय वर करून बसा, नाहीतर घरी येऊ नका. तुम्हाला बसायचंय का? तुमचाही पाय दुखतोय वाटतं."

काका बसले नाहीत. पण या माणसाला आपलं लंगडणं दिसलं, याचा त्यांना आनंद झाला. आणि मग एवढ्यात विश्वास कसा बसला याचा, म्हणून त्याचाही संशय आला.

बायको हे सगळं बघत होती. एकदा मोजे घालता घालता म्हणाली, "अहो, तुमचं दुखणं आधी सकाळी एक असायचं, दुपारी एक. कधी जास्त, कधी कमी. आता बाहेर जाताना रोज सारखंच दिसतं."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला कसं कळेल? मी फक्त मोजे घालते."

साहेबांनी बोलावलं तेव्हा खोलीत तिकीटबाई आधीच बसलेली होती. बसलेली म्हणजे खुर्चीच्या कडेला, टाचा जमिनीपासून जरा उचलून. काका लंगडत आत आले आणि समोर बसले. बसताना जी कळ आली ती खरी होती, पण त्यांनी चेहऱ्यावर जे काही आणलं ते त्या कळेच्या आधीच आणून ठेवलेलं होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर चित्रं सुरू झाली. काका बाजारात जाताना. काका बाजारातून येताना. काका दवाखान्याच्या पायऱ्या चढताना. पावसाळी सकाळी, टळटळीत दुपारी, दिवे लागताना. स्वतःला असं पाठीमागून चालताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुठे एक पाऊल चुकलेलं नव्हतं. एकदाही काठी दुसऱ्या हातात गेली नव्हती. ही सगळी चित्रं घेतली कुठून, गाडी तर त्यांना एकदाही दिसली नव्हती. मग दृश्य बदललं, कोपऱ्यात कंगव्यांचा पेला दिसला, आणि त्यांना कळलं की ते सलूनच्या काचेतून घेतलेलं आहे, म्हणजे ही त्या टोपीवाल्याच्या दुकानात बसायची. काकांना तेवढ्यातही मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली.

"बघा साहेब," ते म्हणाले. "एकदाही नीट चाललेलो नाही."

"तेच," तिकीटबाई म्हणाली. ती साहेबांकडे न बघता काकांकडे बघून बोलत होती. "एकदाही नाही, दादा. थकलेले असताना नाही, ताजेतवाने असताना नाही. खरं दुखणं असं शिस्तीत चालत नाही. ते एक दिवस जास्त असतं, एक दिवस विसरायला होतं. मी बसमध्ये इतकी वर्षं उभी राहिले, माझ्या टाचा दोन दिवस सारख्या दुखल्या नाहीत कधी."

साहेबानं पेन फिरवत विचारलं, "म्हणजे ढोंग आहे का?"

तिकीटबाई म्हणाली, "चालणं ढोंगाचं आहे."

"मी ते विचारलं नाही."

"दुखतंय की नाही हे मी बघितलेलं नाही, साहेब. मी घराच्या आत जात नाही." आणि काकांना म्हणाली, "दादा, दुखत असेल तुम्हाला. मला तसं वाटतंही. पण मी दाखवू काय? दाखवण्यासारखं खरं तुम्ही काही ठेवलंच नाहीत. सरळ चालत गेला असतात ना, तरी मी लिहिलं असतं, की चालायला हरकत नाही असं डॉक्टरनीच सांगितलंय. तेवढं तर कागद वाचून मला माहीत होतं."

काकांनी हे कधी धरलंच नव्हतं, की बघणारं माणूस आपल्या बाजूचंही असू शकतं. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी एकाही अर्जदाराच्या डॉक्टरनं काय करायची परवानगी दिली आहे हे आधी वाचलं नव्हतं. ते घसा खाकरून काहीतरी बोलायला गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आता आपण जे काही बोलू ते या खोलीत ढोंगच दिसणार. दुखतंय म्हणालो तरी आणि नाही म्हणालो तरी. तिकीटबाईचा त्यांना राग आला नाही. रागाला जागा मिळाली असती तर बरं झालं असतं.

अर्ज फेटाळला गेला. साहेबानं तेच गोड हसून सांगितलं की गाडी मिळेल, आधीसारखीच, काही कुठे मनात ठेवायचं नाही. काका उठले. उठताना कळ कमरेतून टाचेपर्यंत गेली आणि खुर्चीचा हात धरून त्यांना थांबावं लागलं. साहेब आता खाली कागदांत बघत होता. तिकीटबाईनं मात्र पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. या वेळी काही आवरतं घेतलं नाही. लंगडायचं कसं ठरवलं, काठी कुठल्या हातात धरली, पडद्यावर काय दिसलं, बाई काय म्हणाली, सगळं. बायको पडदा मांडीवर घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊ पुन्हा. त्यांना खरं काय ते सांगा. ते चिठ्ठी देतील, ती घेऊन पुन्हा अर्ज करू. त्या बाईलाही भेटू. ती वाईट दिसत नाही."

ते गेले. डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवलं आणि उजवा पाय सरळ धरून हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. "दुखलं की सांगा."

पाय वर जात होता. "दुखलं," काका म्हणाले.

"इथे?" डॉक्टरांनी पाय तिथेच धरला. "मागच्या वेळी याच्या बरंच पुढे दुखत होतं. खरंच इथे दुखतंय?"

काका छताकडे बघत राहिले. खरंच इथे दुखत होतं का? का दुखणार म्हणून आधीच बोलून गेलो? ते आतल्या आत शोधायला लागले. कमरेत काहीतरी होतं, मांडीतही होतं, पण ते दुखणं होतं का दुखण्याची आठवण, हे त्यांना सांगता येईना. जन्मभर हजार लोकांच्या अंगातलं खरं-खोटं निवडलेल्या माणसाला स्वतःच्या एका पायातलं निवडता येत नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली.

"मला नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला. "चकती फोटोत दिसते, दुखणं दिसत नाही. मग मीही काय लिहू?"

घरी परतल्यावर काठी दाराशी ठेवून काका आत आले. बायकोनं पडदे ओढले, कारण दुपारचं ऊन मशीनवर यायचं. बाहेरून कुणाला काही दिसण्याची शक्यता नव्हती. काकांना तहान लागली, म्हणून ते उठून स्वयंपाकघराकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. ते लंगडत होते. काठी नव्हती, बघणारं कुणी नव्हतं, आणि उजवा खांदा तसाच झुकत होता.

त्यांनी सरळ चालून बघितलं. जमेना. दोन पावलं फार ताठ पडली, तिसरं खोटं वाटलं. ते भिंतीपर्यंत गेले आणि परत आले, पुन्हा गेले आणि परत आले. चार भिंतींच्या आत, स्वतःच्या घरात, ते सरळ चालणाऱ्या माणसाची नक्कल करत होते, आणि तीही त्यांना धड जमत नव्हती.

"अगं," ते म्हणाले, "मी आधी कसा चालायचो?"

मशीन थांबलं. बायकोनं मान वळवली, म्हणजे मानेसकट सगळीच वळली, आणि त्यांच्याकडे बघू लागली. त्यांच्या पायाकडे, खांद्याकडे, मग चेहऱ्याकडे. ती उत्तर देईल म्हणून काका थांबून राहिले, आणि मग त्यांनी तिची नजर ओळखली. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, त्यांचीच होती ती.

"हे खरंच विचारताय," तिनं विचारलं, "की उगाच?"